दारापासून हलू नका

१

साहेबांनी माझ्यापुढे कागद ठेवला तेव्हा मी आधी त्यातलं शुद्धलेखन पाहिलं. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. नजर सवयीनं चुकीकडेच जाते. चुका दोन होत्या, दोन्हींवर लाल खूण केली. मग मजकूर वाचला, आणि खुर्चीचा हात धरून खाली बसलो.

“आमच्या डिझायनरने निष्काळजीपणे ग्राहकाच्या वेबसाइटवर चुकीचा क्रमांक घातला,” असं त्यात लिहिलं होतं, “आणि त्याची पूर्ण जबाबदारी तिची व्यक्तिशः आहे.”

ती डिझायनर म्हणजे माझ्या बहिणीची मुलगी. बहीण गेल्यापासून तिचं घरचं माणूस मी एकटाच, आणि मी म्हणजे फारसं काही नाही. तिच्या ऑफिसात दुकानदारांसाठी वेबसाइट बनतात, त्याही मुख्यतः हातातल्या फोनवर बघायच्या. तिनंच मला तिथे मजकूर तपासायला नेलं होतं. पानं मला कागदावर छापून मिळत, मी ती लाल पेनानं तपासत असे.

घडलं होतं ते असं. एक व्हायोलिन शिकवणाऱ्या बाई आजारी भावाबरोबर राहतात. गेल्या मंगळवारी सकाळी अकराला त्या भाजी घेऊन परतल्या, तर दार ओढलं गेलेलं आणि किल्ली आत. भाऊ अंथरुणाला खिळलेला. त्यानं आतून दोनदा हाक मारली. बाईंनी फोनवर कुलूपवाल्याची साइट उघडली आणि आमच्या मुलीनं बनवलेलं मोठं हिरवं बटण दाबलं. पलीकडून एका पुरुषानं सांगितलं, निघालोच आहे. बाई पावणेदोन तास थांबल्या. कुणी आलं नाही. शेवटी शेजाऱ्यांनी दार फोडलं तेव्हा भाऊ गेलेला होता. तासभर आधी उघडलं असतं तर वाचला असता का, हे डॉक्टरांना सांगता आलं नाही.

बाईंनी ज्या नंबरवर फोन केला, तो पाहून कुलूपवालीचा चेहरा पांढरा पडला होता म्हणे. दुकान आता ती चालवते. तो नंबर तिच्या वडिलांचा होता, आणि वडील जाऊन दोन वर्षं झाली होती.

“तिनंच हे केलं, कशावरून?” मी विचारलं. पहिल्यांदा त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा विचारावं लागलं.

“बटण तिनं बसवलं. म्हाताऱ्याचं जुनं कार्ड तिच्या फायलीत सापडलं. त्यावरचा नंबर टाकला, झालं.” साहेबांनी दुसरा कागद पुढे सरकवला. “आणि काका, हे तुमचं.”

ते मीच तपासलेलं पान होतं. नंबराखाली लाल शाईत माझं अक्षर: ‘नंबर तपासला.’ खाली सही.

“शुक्रवारी पत्र वकिलांकडे जाईल. त्या दिवसापासून तिनं यायचं नाही. तुम्ही वयस्कर आहात, तुमचं नाव मी घातलेलं नाही.”

“पण फोन उचलला कोणी?”

“बंद पडलेले नंबर कंपनी दुसऱ्याला देते. असेल कुणी टवाळ. आणि वकिलांनी बजावलंय, आपल्यापैकी कुणी त्या नंबरला फोन करायचा नाही.”

मी दारापर्यंत गेलो. साहेब मागून, जरा खालच्या आवाजात म्हणाले, “बेकरीवाल्यालाही दोन आठवड्यांपूर्वी तोच नंबर लागला होता. घाबरून गप्प बसला, आता सांगतोय. म्हाताऱ्याला तो वीस वर्षं ओळखत होता. म्हणतो, आवाज त्याचाच होता.”

२

भाची तिच्या टेबलाशी होती, पण संगणक बंद होता. तिला आता साइटमध्ये शिरायला मनाई होती. टेबलामागच्या फळीवर पंधरा-सोळा फोन ओळीनं उभे असत: नवे, जुने, एक तडा गेलेला. प्रत्येक पान ती त्या सगळ्यांवर पाहायची. आज त्यांचे पडदे काळे होते आणि प्रत्येकात माझा एक छोटासा चेहरा दिसत होता. मला ते आवडलं नाही.

“मामा, तूही मलाच धरणार आहेस का?”

“मी स्वतःलाच धरून बसलोय,” मी म्हणालो. “नंबर मी तपासला होता.”

“कागदावर.” ती किंचित हसली. “कागदावरचं बटण दाबता येत नाही, मामा.”

हे मला सुचलं नव्हतं. तिनं समजावून सांगितलं, आणि मला समजलं म्हणजे ते सोपंच असणार. मोठ्या पडद्यावर साइट उघडली की नंबर आकड्यांत लिहिलेला दिसतो. फोनवर त्याच जागी बटण येतं, त्यावर फक्त ‘फोन करा’ एवढंच. आकडे बटणाच्या पोटात असतात. बटण खाली, अंगठा पोचेल तिथे.

“दाराबाहेर अडकलेल्या माणसाच्या एका हातात पिशवी असते, बॅटरी संपत आलेली असते. तो वाचत नाही. दाबतो.”

“तू दाबून पाहिलं होतंस?”

“साइट सुरू झाली त्या दिवशी एकदाच. कुलूपवाल्या ताईच्या फोनवर रिंग गेली. मग पुन्हा नाही. ती जिन्यावर कुणाच्या तरी कुलपाशी झटत असणार, आणि आपण गंमत म्हणून फोन करायचा का?”

म्हणजे आधी नंबर बरोबर होता. पण तिच्या शब्दाखेरीज याला पुरावा नव्हता. नोंदी महिनाभरच टिकतात, आणि त्यांतही नाव फक्त ‘ऑफिस’ असं येतं, कारण सगळे एकाच पासवर्डनं आत शिरतात.

“आता मोठ्या पडद्यावर कोणता नंबर आहे?”

“बरोबरचा. ताईचा. आजही.” ती पुढे झुकली. “तेच तर मी साहेबांना सांगतेय. मी काम करते संगणकावर. तिथे बदललं की ते आपोआप फोनवर उतरतं. माझी चूक असती तर दोन्हीकडे असती. पण कुणी हातातल्या फोनवरून आत शिरून बदललं, तर ते फोनपुरतंच राहतं. वर चढत नाही.”

“पासवर्ड कोणाकोणाकडे आहे?”

“आम्ही ऑफिसातले तिघं. आणि दुकानात एका पाकिटात दिला होता, सुट्टीची सूचना वगैरे त्यांना बदलता यावी म्हणून. ताईच्या आईला, काकूंना, मी दाखवलंही होतं. आमच्या साहेबांपेक्षा भरभर शिकल्या.”

“आणि ते जुनं कार्ड?”

“त्यावरचा हिरवा रंग हवा होता मला. नंबर नाही.” तिनं टेबलावरची धूळ बोटानं पुसली. “मामा, माझं नाव एकदा त्या पत्रात गेलं की मला कोण काम देणार? आणि ते सोड. मीच एका माणसाला मारलं, असं मला आयुष्यभर वाटत राहणार. मला खरं कळलं पाहिजे. माझी चूक असली तरी.”

रहस्यकथा मी शेकड्यांनी वाचल्या आहेत आणि एकातही खुनी आधी ओळखू शकलेलो नाही. तरी मी म्हणालो, “बघतो.” का म्हणालो, कोण जाणे.

३

व्हायोलिनच्या बाईंचं दार अजून दुरुस्त झालं नव्हतं. चौकटीला पांढरं लाकूड उघडं पडलं होतं आणि दार दोरीनं बांधलेलं होतं. मी त्या दोरीशीच पाच मिनिटं उभा राहिलो. शेवटी आतूनच आवाज आला.

“कोण घुटमळतंय? आत या, कुलूप नाहीये.”

मी कोण, कुणाचा मामा, हे सगळं मी एका दमात सांगून टाकलं. त्या मला हाकलतील असं वाटलं होतं. त्यांनी खुर्ची दाखवली.

“तुमच्या भाचीवर माझा राग नाही,” त्या म्हणाल्या. “ज्यानं फोन उचलला त्याच्यावर आहे. तो काय म्हणाला ते जसंच्या तसं सांगू? पाच वेळा रिंग वाजली. मग, ‘हॅलो, बोला.’ मी म्हटलं, माझं दार लागलंय, आत भाऊ आहे. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘हं. पत्ता नीट सांगा. निघालोच आहे. दारापासून हलू नका.’”

“आणि तुम्ही पत्ता सांगितलात.”

“आधी फोनमध्ये टूं असं वाजलं. मला वाटलं, बॅटरी गेली. पण फोन चालू होता. मी पत्ता सांगितला, दोनदा. विचारलं, किती वेळ लागेल? त्यावर काही बोलला नाही. पण ऐकत होता. कुणी ऐकत असलं की कळतं ना, तसं.” त्या आपल्या हातांकडे पाहत राहिल्या. “आवाज इतका धीराचा होता, की मी खरंच हलले नाही. शेजारी म्हणत होते, फोडू का दार? मीच म्हटलं, येतोय तो. कशाला मोडतोड.”

“आणखी काही ऐकू आलं?”

“घड्याळ. मागे कुठेतरी टोले पडत होते. चार. मी वाद्य शिकवते, मोजायची सवय आहे. चौथा टोला फाटका होता, तडा गेलेल्या भांड्यासारखा.”

“चार?” मी म्हणालो. “पण तुम्ही तर सकाळी अकराला फोन केलात.”

“हो,” त्या म्हणाल्या. “तेव्हा नाही आलं लक्षात. आता रोज येतं.”

तिथून मी बेकरीवाल्याकडे गेलो. तो पिठाच्या हातांनीच बोलला. सकाळी सातला शटरचं कुलूप अडकलं, म्हणून त्यानं बटण दाबलं होतं. शब्द तेच. आवाज म्हाताऱ्याचा. “माझ्या हातातून फोन पडला, काका. मी हातोड्यानं कुलूप फोडलं आणि आठ दिवस त्या दुकानावरून गेलो नाही.”

“मागे काही वाजत होतं का?”

त्यानं डोळे बारीक केले. “घड्याळ. चार टोले पडले. सकाळचे सात, आणि त्याच्याकडे चार. म्हटलं, जिथे गेलाय तिथली वेळ वेगळी असेल.”

त्याला हसायचं होतं, पण जमलं नाही.

४

कुलपांचं दुकान अरुंद आणि खोल होतं. डाव्या भिंतीवर छतापर्यंत किल्ल्या: हजारभर तरी, खिळ्यांना टांगलेल्या. दार उघडलं की वाऱ्यानं त्या हलत, आणि कुणीतरी लांबवर कुजबुजतंय असं वाटे. गल्ल्यामागे कुलूपवालीची आई बसली होती. डोळ्यांजवळ फोन धरून ती मोठ्या अक्षरांतलं काहीतरी वाचत होती. मला पाहून तिनं मान हलवली आणि पुन्हा वाचू लागली.

मुलगी कानशीनं किल्ली घासत होती. तिशीची, दंडांत ताकद असलेली. उजव्या भुवईवर नुकतीच भरलेली जखम होती.

“काका, मला कुणाला अडकवायचं नाहीये,” ती म्हणाली. “तुमची भाची चांगली मुलगी आहे. पण बाबांचा नंबर मी कुणाला दिला नाही. तो मी कधीच बंद करायला सांगितला होता.”

“कोणाला सांगितला होता?”

“घरात.” तिच्या खिशात फोन वाजला. तो बटणांचा, जुन्या पद्धतीचा फोन होता. ती बोलून झाल्यावर मी त्याकडे पाहत होतो, म्हणून तिनं दोन्ही तळवे पुढे केले. काळे, तेलकट. “काचेचा फोन या बोटांना दादच देत नाही. साइट-बिइट ते सगळं आईकडे.”

“तुम्ही कामाची काही नोंद ठेवता का?”

तिनं मळकी वही दिली. बहुतेक कामांपुढे एकच शब्द: दार, कपाट, दुकान, दार, दार. वाचणं हे एकच काम मला येतं, म्हणून मी ओळन्‌ओळ वाचली. साइट सुरू झाल्यावर दारं वाढली होती. दिवसाला दोन, कधी तीन. मग सहा आठवड्यांपूर्वीची एक ओळ: ‘दार. जिना, दिवा नाही.’ त्यानंतर एकही दार नव्हतं. कपाटं होती, दुकानं होती, तिजोरी होती. दारं संपली होती.

म्हणजे तोवर बटण बरोबर वाजत होतं. माझी भाची खरं बोलत होती.

“हे तुम्हाला खटकलं नाही?”

“खटकलं. वाटलं, चिमट्याकडे जात असतील. आमचा जुना कारागीर, कोपऱ्यावर त्यानं स्वतःचं दुकान काढलंय.”

“आणि त्या दिव्याविना जिन्यात काय झालं होतं?”

तिचा हात भुवईकडे गेला. मागे गल्ल्यावर फोनच्या पडद्यावरून सरकणारं बोट थांबलं.

“पडले. फार नाही लागलं. बाबाही असेच...” तिनं वाक्य सोडून दिलं. “परक्या जिन्यात. सकाळी सापडले.”

निघताना मी वर पाहिलं. किल्ल्यांच्या भिंतीच्या शेवटी लंबकाचं घड्याळ होतं. काटे एक वाजून वीस मिनिटांवर.

“हे चालतं का?”

“बाबा गेल्यापासून कुणी चावी दिली नाही.”

“चालायचं तेव्हा टोले कसे पडायचे?”

ती हसली. “भयंकर. चार वाजले की शेवटचा टोला फाटायचा. बाबा म्हणायचे, घड्याळाला खोकला झालाय.”

दोन वर्षं मुकं असलेलं घड्याळ गेल्या मंगळवारी अकरा वाजता फोनमध्ये वाजलं होतं.

५

चिमट्याला मी भीतभीतच भेटलो. तो बारीक, चपळ, आणि सतत चेष्टा करणारा.

“या, तपासनीस. मीच केलं म्हणायला आलात ना?”

“नाही,” मी म्हणालो. मग खोटं बोलणं जमेना म्हणून म्हणालो, “म्हणजे, थोडंसं.”

तो मोठ्यानं हसला. “काका, गिऱ्हाईक पळवायचं असतं तर माझा नंबर टाकला असता. मेलेल्या माणसाला धंदा देऊन मला काय मिळणार? आणि फोनच्या त्या भानगडी मला येत नाहीत.” हसू मावळलं. “म्हाताऱ्यानं मला हातात कानस धरायला शिकवलं. मी तिच्या वाटेला जाणार नाही. उलट काकूच मला म्हणाल्या होत्या, दारांची कामं तू घे, पोरीला कपाटं राहू देत. पोरगी ऐकते कुठे. म्हणते, बाबा दारं उघडायचे.”

“हे कधी म्हणाल्या?”

“पोरगी पडली ना, त्याच संध्याकाळी.”

मी घरी आलो, चहा केला आणि तो प्यायचा विसरलो. वहीतल्या नोंदी, टोले आणि शब्द एका कागदावर लिहिले. लिहिल्याशिवाय मला विचार करता येत नाही.

दोन माणसांना, वेगवेगळ्या वेळी, तेच शब्द आणि तेच चार टोले. प्रश्नाला उत्तर नाही. मध्ये टूं. जिवंत माणूस असं बोलत नाही. मेलेला बोलेल की नाही हे मला माहीत नाही, पण त्याचं घड्याळ तरी चुकणार नाही. तो आवाज भरून ठेवलेला होता. म्हातारा जिवंत असताना, दुकानात, घड्याळ चालू असताना, चार वाजता. पाच रिंगांत फोन उचलला नाही की तो आवाज बोलत असणार.

पण मग तो फोन कुठेतरी चालू होता. नंबर बंद झालाच नव्हता. कुणीतरी तो जिवंत ठेवला होता.

बटण बदललं होतं हातातल्या फोनवरून, नाहीतर मोठा पडदाही बदलला असता. साहेब आणि ऑफिसातले लोक संगणकावर बसतात. कुलूपवालीच्या बोटांना काचेचा फोन दाद देत नाही. चिमट्याकडे पासवर्ड नाही.

आणि शेवटचं. सगळं काम थांबावं असं ज्याला वाटतं, तो दोन्हीकडचा नंबर बदलेल. इथे फक्त फोनवरचा बदलला होता. कपाटवाले आणि दुकानवाले घरी बसून संगणकावर नंबर शोधतात, ते तिच्याकडे येतच राहिले. हातातला फोन दाबतं ते दाराबाहेर उभं असलेलं परकं माणूस. अंधाऱ्या जिन्यातलं.

मी पुन्हा पुन्हा तपासलं, कारण मी नेहमी चुकतो. उत्तर तेच येत होतं. आणि पहिल्यांदाच मला आपण चुकावं असं वाटत होतं.

६

गुरुवारी दुपारी मी दुकानात गेलो. मुलगी एका बँकेत कपाटाच्या कामाला गेली होती. तिची आई गल्ल्यामागे एकटी होती; सगळे त्यांना काकू म्हणत, पण माझ्या वयाच्या म्हणून मी वहिनी म्हणालो.

“ती संध्याकाळी येईल,” त्या म्हणाल्या.

“माझं काम तुमच्याकडे आहे, वहिनी.”

मी फोन काढला. त्या नंबराला कुणी हात लावायचा नाही, असं वकिलांनी सांगितलं होतं. मी एकेक आकडा कागदाशी ताडून दाबला, दोनदा वाचला, आणि हिरव्या खुणेवर अंगठा ठेवला.

क्षणभर काहीच झालं नाही. मग डाव्या भिंतीवर एक किल्ली हलली. तिच्या शेजारची. मग आजूबाजूच्या वीस-पंचवीस किल्ल्या खिळ्यांवर थरथरू लागल्या, वारा नसताना, दार बंद असताना. भिंतीच्या आत काहीतरी गुरगुरत होतं आणि सगळं पितळ त्याच्याबरोबर बारीक किणकिणत होतं.

वहिनींनी वर पाहिलं नाही. फक्त त्यांचा हात फोनवर जिथे होता तिथेच थांबला.

पाच वेळा गुरगुरून भिंत गप्प झाली. मी फोन कट केला.

“कुठे आहे तो?”

“फळीच्या मागे. तारेला लावलेला.” त्यांचा आवाज अगदी साधा होता. “रोज बघते, चार्ज आहे की नाही.”

“बटण तुम्ही बदललंत.”

“तुमच्या भाचीनं सगळं इतकं सोपं करून दाखवलं होतं.” त्यांनी हातातला फोन गल्ल्यावर पालथा ठेवला. “पोरगी रक्तानं माखून आली हो त्या दिवशी. परका जिना, दिवा नाही. हेही असेच गेले होते, एक फोन आला म्हणून. मी तिला सांगू कशी, ती ऐकत नाही. नंबर पुसायला गेले तर ते म्हणालं, मोकळं ठेवता येणार नाही, नंबर घाला. मला पाठ नंबर दोनच. तिचा आणि ह्यांचा.”

“आणि लोकांचं काय होईल असं वाटलं?”

“वाजेल आणि थांबेल. माणसं दुसरीकडे जातील. चिमटा आहे, आणखी दहाजण आहेत. न उचललेल्या फोनसाठी कोण अडून राहतं?” आता त्यांनी वर पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते अपराधाहून वेगळं होतं. ती भीती होती. “मंगळवारी वाजला तेव्हा मी इथेच बसले होते. पाच वेळा वाजून थांबला. कुणी हात लावला नाही. मग सगळे म्हणायला लागले, उचलला, बोलला. भावजी, मी आठवडाभर झोपलेले नाही. इथे माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मग बोललं कोण?”

त्यांना माहीतच नव्हतं. मला ते तेव्हा कळलं. जन्मभर त्या दुकानाच्या आत होत्या. त्यांनी नवऱ्याला बाहेरून फोन कधी केलाच नव्हता. दारात अडकलेल्या परक्या माणसांना जे ऐकू येत होतं, ते त्यांनी एकदाही ऐकलं नव्हतं.

“वहिनी, त्यांचे हात कामात असले की फोन उचलता येत नसे. म्हणून त्यांनी स्वतःचा आवाज भरून ठेवला होता, मध्ये लोकांना बोलायला जागा सोडून. लोक पत्ता सांगायचे, ते नंतर ऐकायचे आणि निघायचे. ते होते तोवर ते शब्द खरे होते.”

“ह्यांचा आवाज?”

मी पुन्हा नंबर लावला आणि माझा फोन त्यांच्या हातात दिला. किल्ल्या थरथरू लागल्या. एक. दोन. तीन. चार. पाच. मग भिंत थांबली, आणि त्यांच्या कानाशी, मला जेमतेम ऐकू येईल असा, एक धीराचा आवाज बोलला.

“हॅलो, बोला.”

त्यांनी तोंडावर हात ठेवला.

“हं. पत्ता नीट सांगा. निघालोच आहे. दारापासून हलू नका.”

मागे चार टोले. चौथा फाटका. मग टूं.

मी फोन परत घ्यायला हात पुढे केला, पण त्यांनी दिला नाही.

“अहो,” त्या म्हणाल्या, “मी दुकानातूनच बोलतेय. ऐकताय ना? बटणावरचा नंबर मी बदलला. त्या डिझायनर मुलीनं नाही, तिनं बरोबर घातला होता. आपली पोरगी तुमच्यासारखी जिन्यात राहू नये म्हणून मी केलं. त्यात एकीचा भाऊ गेला. तुम्ही येतो म्हणालात म्हणून त्या बाई थांबल्या.” त्यांनी श्वास घेतला. “तुम्ही येतो म्हणालात की माणूस थांबतोच हो.”

७

संध्याकाळी मुलीनं फळी काढली. मागे म्हाताऱ्याचा फोन होता, आणि त्यात बारा निरोप. अकरा जणांचे पत्ते. बारावा तिच्या आईचा. तिनं तो उभ्यानं ऐकला, मग खाली बसून पुन्हा ऐकला. तिनं घड्याळ भिंतीवरून उतरवलं, त्याला चावी दिली आणि परत लावलं. एवढंच.

शुक्रवारी सकाळी तो निरोप साहेबांच्या टेबलावर वाजला. साहेबांनी पत्र उचललं, त्यातल्या माझ्या दोन लाल खुणा पाहिल्या आणि कागद फाडला. “नवं लिहावं लागेल,” ते भाचीकडे न पाहता म्हणाले. नंतर तिच्या टेबलाशी जाऊन स्वतः तिचा संगणक सुरू करून दिला. माफी मागायची त्यांची ही पद्धत असावी.

वहिनी व्हायोलिनच्या बाईंकडे एकट्या गेल्या. मुलगी बरोबर येते म्हणाली, त्यांनी येऊ दिलं नाही. तिथे काय बोलणं झालं, मला माहीत नाही. खाली राहणाऱ्यांनी इतकंच सांगितलं, की बाईंनी नाव ऐकून दोरी आतून घट्ट बांधली, सोडायला फार वेळ लावला, आणि तोवर ती म्हातारी दारापासून हलली नाही.

भाची मला वाटलं होतं तशी आनंदात नव्हती. ती दुपारभर काम करत होती. मग तिनं फळीवरचा तडा गेलेला फोन माझ्या हातात दिला. हिरवं बटण परत जागेवर होतं, खाली, अंगठ्यापाशी. तिनं शेजारी छापलेलं पान ठेवलं आणि लाल पेन.

“आता तू तपास, मामा.”

“ती कुणाच्या तरी दाराशी असेल.”

“असू दे. दाब.”

मी दाबलं. एक रिंग झाली. दुसरी. तिसऱ्या रिंगेला पलीकडे कानशीचा आवाज थांबला आणि दम लागलेली, जिवंत, जराशी वैतागलेली बाई म्हणाली, “बोला, कुठल्या दाराशी आहात?”

तिच्यामागे कुठेतरी घड्याळाचे टोले पडू लागले. मी आमच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मोजले. पाच वाजले होते आणि पाच पडले.

“हॅलो? कोण आहे?”

“मी,” मी म्हणालो. “नंबर तपासला.”